किमान मागणी संख्या : खासगी लेबलची केशप्रसाधने

कारखाना एका खेपेत कमीत कमी जेवढा माल बनवून द्यायला तयार असतो, त्या आकड्याला किमान मागणी संख्या म्हणतात. धंद्यात ‘एमओक्यू’ हाच शब्द चालतो. खासगी लेबलच्या व्यवहारात माल एक जण बनवतो आणि दुसरा तो आपल्या नावाने विकतो. म्हापसा-मडगावची पार्लरे, किनाऱ्यावरची हॉटेले आणि घरच्या जास्वंद-माक्याच्या तेलावरून धंदा उभा करू पाहणाऱ्या महिला यांची या आकड्याशी गाठ पडते ती पहिले कोटेशन हातात येते तेव्हा.

घरी कढईत उकळलेले तेल तसेच बाटलीत भरून विकता येत नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे विक्रीसाठी असा माल बनवायला राज्याचा परवाना लागतो. गोव्यात हे काम बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय पाहते. म्हणून छोटा विक्रेता परवाना असलेल्या कारखान्याकडे जातो, आणि तिथे त्याला हा आकडा ऐकवला जातो.

आकडा बहुधा टाकीवरून ठरतो. शांपू ढवळणारा पंखा मिश्रणात पुरता बुडाला पाहिजे, नाहीतर ते एकजीव होत नाही. टाकी धुणे, नमुना तपासणे, बॅचची नोंद ठेवणे हा खर्च ५० लिटरला आणि ५०० लिटरला जवळपास सारखाच येतो. पण टाकी हा एकच उंबरठा नव्हे. बाटली, झाकण, लेबल, खोका, सुगंध या प्रत्येकाच्या पुरवठादाराचा स्वतःचा किमान आकडा असतो आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा आपल्या गळ्यात पडतो. कारखाना ५०० बाटल्यांना तयार असतो, छापील बाटलीवाला मात्र हजारोंची गोष्ट करतो. कोटेशन मागताना प्रत्येक वस्तूचा आकडा वेगळा लिहून घ्यावा, तो याचसाठी.

छापील बाटलीबद्दल इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक वेष्टनावर द्यावाच लागतो. हा मजकूर बाटलीवरच छापला की आपण त्या कारखान्याला बांधले जातो. कारखाना बदलला की उरलेल्या बाटल्या रद्दी. किमतीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून शांपू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी किंमत छापलेले खोके ज्यांच्याकडे रचलेले होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. पहिल्या वर्षी कोरी बाटली आणि वर चिकटवायचे लेबल हाच शहाणपणाचा मार्ग. लेबल महाग पडते, पण थोडे छापता येते.

एक हिशोब पाहू. समजा, मडगावच्या एका पार्लरला २०० मिलिलिटरची शांपूची बाटली काढायची आहे आणि कारखाना किमान २०० लिटर सांगतो. कागदावर १,००० बाटल्या होतात. टाकी-नळ्यांना चिकटलेला माल आणि राखीव नमुने यांत ३ टक्के गेले तर हाती ९७० येतात. ऑक्टोबर ते मार्च महिना ९० आणि उरलेले सहा महिने ४० असा खप धरला, तर वर्षाला ७८० बाटल्या जातात. म्हणजे माल सुमारे १५ महिने पुरतो. मुदत २४ महिन्यांची असेल तर हे जमते. पण पार्लरने हौसेने तीन सुगंध काढले तर २,९१० बाटल्या येतात. खप दीडपट झाला तरी त्या संपायला अडीच वर्षे लागतात आणि शेवटचा माल मुदतीबाहेर जातो. पहिल्या खेपेची बहुतेक नुकसानी दरामुळे होत नाही, या वाणांच्या हौसेमुळे होते. उपाय आहे. सुगंध मिश्रण थंड होत आल्यावर, शेवटी घातला जातो. त्यामुळे बिनसुगंधाचे मूळ मिश्रण एकच करून त्याचे तीन भाग करायला काही कारखाने तयार होतात. बाटली-झाकण तिन्हींना एकच ठेवावे.

गोव्याचे हवामानही मोजणीत धरावे लागते. पावसाळ्यात गोदामातले पुठ्ठ्याचे खोके मऊ पडतात, कागदी लेबलांचे कोपरे सुटतात. प्लास्टिक फिल्मचे लेबल घ्यावे आणि खोके फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावेत. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. ते इथल्या पार्लरच्या फळीवर पातळ असते, पण हॉटेलच्या एसी खोलीत अरुंद तोंडाच्या बाटलीतून थेंबही उतरत नाही. हजार बाटल्या मागवण्यापूर्वी दोन बाटल्या अशा खोलीत रात्रभर ठेवून पाहाव्यात.

दुसरी ऑर्डर कधी द्यायची, हे हंगामावर ठरते. बाटली-लेबल जमवून माल दारात यायला सहा आठवडे धरले, तर महिना ९० च्या खपाला तेवढ्या काळात १३५ बाटल्या जातात; थोडी उशिराची जागा ठेवून १८० उरल्या की ऑर्डर जावी. मेअखेरीस मात्र त्याच १८० बाटल्या पाऊसभर पुरतात आणि सप्टेंबरअखेर जेमतेम २० उरतात. तेव्हा ऑर्डर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, चवथीच्या सुट्ट्या मोजूनच द्यावी लागते.