आमच्या शेळ्यांना चपाती घालू नका
(सातारा शहर व उपनगरांतील सोसायट्या, बंगले आणि मोकळ्या प्लॉटच्या मालकांसाठी)

ज्यांच्या आवारात आम्ही एकदा चरणी करून गेलोय, म्हणजे पैसे घेऊन आमच्या शेळ्यांकडून वाढलेलं गवत-झुडपं चारून घेतलीत, त्यांना शेळ्या काय काम करतात हे सांगायला नको. हे पत्रक आहे ते कौतुकानं आणलेल्या शिळ्या चपात्यांसाठी.

शेळीच्या पोटाला चार कप्पे. त्यातलं सगळ्यात मोठं कोठीपोट. तिथले जंतू पाला-गवत आंबवून पचवतात, आणि ते रोजच्या पाल्याला सरावलेले असतात. त्यात अचानक चपाती, भात, गहू किंवा लग्नातलं उरलेलं पडलं, की हे पिठूळ अन्न भराभर आंबतं, आम्ल वाढतं आणि पाला पचवणारे जंतूच मरतात. शेळी रवंथ थांबवते, दात करकर खाते, हगवण लागते. डावी कूस दाबली तर पखालीसारखी डुचमळते. मग डॉक्टर, खायचा सोडा पाजणं, आणि चरणी बंद. जीवही जाऊ शकतो. 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड' तसं खाऊ घालणारा म्हणतो, एका चपातीनं काय होतंय! पण सोसायटीत चोवीस घरं असतात. आणि ताटात पहिलं तोंड घालते ती कळपातली दांडगी शेळी. तीच बसली की तिच्या मागनं चालणाऱ्याही रेंगाळतात.

पितृपंधरवड्यात तर डोक्याला हात लावायची वेळ येते. पावसानं गवत कमरेएवढं झालेलं, आमच्या कामाचा हंगाम ऐन भरात, आणि गच्चीवर कावळ्याला आणि खाली गायीला ठेवलेला घास शिल्लक राहिला की पुरणपोळी, वडे, खीर सगळं शेळ्यांपुढे. पावसाळ्यापूर्वी आम्ही आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होणाऱ्या रोगाची) लस टोचून घेतो, पण लस टोचली म्हणजे काहीही घालायला मोकळीक मिळाली असं नाही. मुलांना हौस असेल तर आमच्या राखणाऱ्याला विचारा. तो शेवरी नाहीतर बाभळीचा डहाळा हातात देईल. शेळी मागच्या पायांवर उभी राहून तो ओढते, मुलं खूश.

"नऊ वाजून गेले तरी शेळ्या आल्या नाहीत" अशी तक्रार असते. दवानं ओल्या गवताच्या पात्यावर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. ऊन चढून गवत सुकल्यावरच आम्ही सोडतो. आणि दुपारी सावलीला बसलेल्या शेळ्या आळस करत नाहीत. रवंथ केल्याशिवाय पुढचं चरणं होत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "चारा आमचा, वर पैसेही आम्हीच द्यायचे?" आपल्याच जिल्ह्यात शेतकरी धनगरांची मेंढरं खतासाठी रानात बसवतात आणि त्याचा मोबदला देतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आमचा दर टेम्पो, वाघर (शेळ्या कोंडायची जाळी), राखणारा आणि औषधपाण्याचा आहे. शाहूनगरच्या बाजूला अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे प्लॉट बघा. तिथं ग्रासकटर धरून उभं राहणं मुश्कील, शिवाय पात्यानं उडालेला खडा गाडीची काच फोडतो. शेळीला चढण लागत नाही. दिवाळीआधी गवत उतरवलं तर उन्हाळ्यात वणव्याला खायला काही उरत नाही, आणि लेंडीखत तुमच्याच झाडांना. 2009 साली कॅलिफोर्नियात गूगलनंही आपल्या आवारातलं गवत चरायला शेळ्या भाड्यानं आणल्या होत्या.

मात्र लॉन एकसारखी कापून हवी असेल तर आम्हाला बोलावू नका. शेळी आधी झुडपांचे कोवळे शेंडे खुडते, गवताकडे नंतर वळते. गाजर गवत आणि घाणेरी ती सहसा खात नाही, आणि खाऊही नये. ती आमची माणसं फुलावर यायच्या आत मुळासकट उपटतात. त्याचा दर वेगळा. कण्हेर विषारी आहे, तिच्याभोवती आम्हीच जाळी बांधतो. गुलाब, मोगरा आणि नवी लावलेली रोपं तेवढी आधी दाखवा, नाहीतर साल शिल्लक राहणार नाही. अलीकडे तणनाशक मारलं असेल तर बाटलीवरचं नाव आणि तारीख सांगा. लपवून ठेवलंत तर शेळी मरूही शकते आणि कामही अर्धवट राहील.

दर गुंठ्यावर आणि झाडोऱ्यावर ठरतो, जागा बघायचे पैसे घेत नाही. पितृपंधरवड्यातलं काम घेणाऱ्या सोसायट्यांनी गेटवर 'शेळ्यांना खायला घालू नये' अशी पाटी लावावी. पाटी आम्हीच देतो. गणपती बसायच्या आत कळवलंत तर दसऱ्याआधीची तारीख मिळेल, नंतर सांगणाऱ्यांना दिवाळीपर्यंत थांबावं लागतं.