आग लागली तरी स्टार्टर सोडायचा नाही

सेस्ना १७२ हे जगभरच्या फ्लाइंग क्लबांमधलं नेहमीचं शिकाऊ विमान. इंजिन सुरू करताना आग लागली तर काय करायचं, याची यादी त्याच्या हँडबुकात असते. तिची पहिलीच ओळ नवशिक्याला चक्रावून टाकते: स्टार्टर फिरवतच राहा.

जीव तर म्हणतो, सगळं बंद कर आणि पळ. पण आग कुठे आहे ते आधी पाहू. या विमानाच्या जुन्या मॉडेलांत कार्बोरेटर सिलिंडरांच्या खाली असतो. हवा आणि पेट्रोल खालून वर ओढलं जातं. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, इंजिन दाद देत नाही. मग विद्यार्थी प्रायमर (इंजिनात थेट पेट्रोल सोडणारा हातपंप) जास्त मारतो, नाहीतर थ्रॉटल पुढेमागे करत बसतो. थ्रॉटलच्या प्रत्येक हिसक्याला कार्बोरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी सोडतो. इंजिन फिरत नसेल, तर ते ओघळून खालच्या हवेच्या मार्गात साचतं. अशात एखादा बॅकफायर झाला, म्हणजे सिलिंडरातली ज्वाला उलटी हवेच्या मार्गात आली, की साठा पेटलाच.

इथे स्टार्टर सोडला तर ओढ थांबते आणि आग काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत, होजपाइप आणि वायरींच्या शेजारी, जळत राहते. फिरवत ठेवला तर इंजिनच तिला गिळतं. यातल्या बऱ्याच विमानांत बसवलेल्या लायकमिंग कंपनीच्या ओ-३२० इंजिनाची क्षमता सुमारे ५.२ लिटर. दर दोन फेऱ्यांत ते जास्तीत जास्त तेवढी हवा खेचू शकतं, आणि तिच्यासोबत ज्वाला व सांडलेलं पेट्रोलही. आग विझवणारं यंत्र आगीच्या जागीच बसवलेलं आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

इंजिन सुरू झालं तर ते १७०० आरपीएमवर काही मिनिटं चालवायचं, मग बंद करून नुकसान तपासायचं. नाही झालं तर थ्रॉटल पूर्ण उघडा, मिक्श्चर (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी दांडी) कट-ऑफला, आणि क्रँकिंग, म्हणजे स्टार्टरने फिरवणं, चालूच. थ्रॉटल उघडल्याने हवेची वाट मोकळी होते; मिक्श्चर ओढल्याने नवं पेट्रोल थांबतं. तरीही आग हटली नाही, तर मास्टर (विजेचा मुख्य स्विच), इग्निशन आणि फ्युएल शटऑफ बंद करून बाहेर पडायचं, तेही प्रोपेलरपासून लांब, मागच्या बाजूने.

पेट्रोलची नळीच फुटून काउलिंगमध्ये आग लागली असेल, तर या ओढीचा उपयोग नाही. सीटवर बसून तो फरक कळणं अवघड असतं. म्हणून बाहेर उभ्या माणसाचा इशारा मोलाचा. इन्स्ट्रक्टरने हा सगळा क्रम थंड इंजिनावर, स्विच बंद ठेवून, विद्यार्थ्याच्या हातात बसवावा. हिवाळ्यात प्रायमर किती वेळा मारायचा, तेही त्याच दिवशी शिकवावं.