गुग्गुळ, व्यायाम आणि कोलेस्टेरॉलची बाहेर पडण्याची वाट

प्राण्यांच्या शरीराला कोलेस्टेरॉल तयार करता येते, पण ते जाळून त्यापासून ऊर्जा मिळवता येत नाही. साखर जळते, चरबी जळते. कोलेस्टेरॉलच्या रेणूतील चार कड्यांची चौकट तोडणारे विकर (एन्झाइम) मात्र प्राण्यांकडे नाही. म्हणून जादा कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावण्याची मुख्य वाट यकृतातून जाते. तिथे त्याचा काही भाग जसाच्या तसा पित्तात उतरतो, काहीचे पित्ताम्लांत रूपांतर होते, आणि अखेर ते विष्ठेवाटे शरीराबाहेर पडते. व्यायामाने किंवा वनस्पतींच्या अर्काने उंदरांमधील कोलेस्टेरॉलसंबंधी जनुके कशी बदलतात, हे सांगणारे अनेक शोधनिबंध प्रसिद्ध होत असतात. ते वाचताना ही वाट लक्षात ठेवली, तर कोणत्या निष्कर्षाला किती महत्त्व द्यायचे हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

या वाटेवर मोजकी जनुके कळीची आहेत. एबीसीए१ या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीतील कोलेस्टेरॉल बाहेर काढून एचडीएल कणांच्या, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांच्या, स्वाधीन करते. टँजियर रोगात एचडीएल जवळजवळ नाहीसे होते ते याच जनुकातील दोषामुळे, हे १९९९ मध्ये उघड झाले. एलडीएल ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन) रक्तातील एलडीएल कण, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणारे कण, यकृताच्या पेशीत ओढून घेतो. सीवायपी७ए१ या जनुकाचे विकर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनण्याची पहिली आणि सर्वांत निर्णायक पायरी पार पाडते. या जनुकांचे काम किती व्हावे हे पेशीतील संवेदक प्रथिने ठरवतात. त्यांपैकी एलएक्सआर कोलेस्टेरॉल वाढल्याचे ओळखतो, तर एफएक्सआर पित्ताम्ले पुरेशी झाल्याचे ओळखून सीवायपी७ए१ला आवर घालतो.

या सगळ्याशी आपल्या परिचयाच्या गुग्गुळाचा जवळचा संबंध आहे. राजस्थान आणि कच्छच्या रखरखीत भागात वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा हा डिंक आपण धुपात जाळतो आणि योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ अशा औषधांतून घेतो. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून सुचलेल्या कल्पनेचा पाठपुरावा करत जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने त्यांचे वाढवलेले कोलेस्टेरॉल उतरते, असे १९६६ च्या आपल्या प्रबंधात मांडले. लखनौच्या मध्यवर्ती औषध संशोधन संस्थेने तो धागा पुढे नेला आणि १९८०च्या दशकात गुग्गुळाचा प्रमाणित अर्क भारतात औषध म्हणून बाजारात आला. जुन्या ग्रंथातील निरीक्षण प्रयोगशाळेच्या कसोटीवर इतक्या शिस्तीने नेल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत, म्हणून या कामाचे मोल मला फार वाटते.

अर्क नेमके काय करतो, याचे पहिले ठोस उत्तर २००२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधील संशोधकांनी दिले. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन हे द्रव्य एफएक्सआरला अडवते, असे त्यांना दिसले. त्यांच्या प्रयोगाची रचना फार देखणी आहे. भरपूर कोलेस्टेरॉलयुक्त आहारावर ठेवलेल्या सामान्य उंदरांना गुग्गुलस्टेरॉन दिल्यावर त्यांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल कमी झाले. ज्या उंदरांमधून एफएक्सआरचे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्यावर मात्र त्याच द्रव्याचा परिणाम झाला नाही. एखाद्या जनुकाची पातळी अर्कानंतर बदलली एवढे दाखवणे आणि ते जनुक नसेल तर अर्क निष्प्रभ ठरतो हे दाखवणे, यांत पुराव्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारचे निबंध मुबलक आहेत, दुसऱ्या प्रकारचे विरळ.

आणि तरीही पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत १०३ प्रौढांवर आठ आठवडे केलेल्या काटेकोर चाचणीचा निकाल उलटा आला. गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काही जणांच्या अंगावर पुरळ उठले. भारतातील आधीच्या चाचण्यांत घट दिसली होती. आहार, वंश, अर्काची मात्रा असे अनेक खुलासे यावर दिले गेले. त्यांत एक गोष्ट मात्र निश्चित आहे: उंदीर आणि माणूस यांच्यात ही वाट एकसारखी नाही. उंदरामध्ये कोलेस्टेरॉलयुक्त अन्न पोटात गेले की एलएक्सआर सीवायपी७ए१ला चालना देतो आणि पित्ताम्लांचे उत्पादन वाढते. माणसाच्या सीवायपी७ए१ जनुकाजवळ एलएक्सआरने पकड घ्यावी अशी ती जागा नाही, त्यामुळे ही चालना आपल्याला तशी मिळत नाही. शिवाय एचडीएलमधील कोलेस्टेरॉल इतर कणांकडे वळवणारे सीईटीपी हे प्रथिन उंदरात नसते, म्हणून त्याच्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असते. उंदराचे ‘एकूण कोलेस्टेरॉल’ घटले, या वाक्याचा अर्थ त्याचे एचडीएल घटले असाही असू शकतो.

प्राण्याच्या निवडीने निकाल कसा पालटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या इतिहासात आहे. जपानचे अकिरा एन्डो यांनी बुरशीतून शोधलेले पहिले स्टॅटिन, कॉम्पॅक्टिन, उंदरांमध्ये कोलेस्टेरॉल कमी करीना, कारण कोलेस्टेरॉल बनवणारे जे विकर ते अडवत होते, तेच विकर उंदराचे यकृत कितीतरी अधिक प्रमाणात बनवू लागले होते. कोंबड्यांवर, मग कुत्र्यांवर आणि माकडांवर तेच द्रव्य प्रभावी ठरले. उंदरांवरच काम थांबले असते, तर आजचे सर्वाधिक वापरले जाणारे हृदयरोगाचे औषध कदाचित हाती लागले नसते. दारुहळदीत सापडणाऱ्या बर्बेरिनचा अभ्यास चिनी संशोधकांनी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावर केला, ही म्हणूनच योग्य निवड होती; हॅमस्टरमध्ये सीईटीपी असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की बर्बेरिन एलडीएल ग्राहीचे जनुक अधिक वेळा वाचायला लावत नाही, तर त्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारी जनुकाची प्रत) अधिक काळ टिकवते, आणि त्यामुळे यकृत जास्त एलडीएल ओढून घेते. रुग्णांमध्येही एलडीएल सुमारे एक चतुर्थांश उतरले.

व्यायामाचा परिणाम याच वाटेवर दिसतो, पण वेगळ्या जागी. इराणच्या माझंदरान विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की ट्रेडमिलवर नियमित धावणाऱ्या उंदरांच्या यकृतात एबीसीए१ अधिक प्रमाणात व्यक्त होते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगनच्या गटाने चाकात आपखुशीने धावणाऱ्या उंदरांची विष्ठा तपासली. एलडीएल ग्राही नसलेल्या, म्हणजे जन्मतःच कोलेस्टेरॉल वाढलेल्या या उंदरांच्या विष्ठेतून पित्ताम्ले आणि कोलेस्टेरॉल दोन्ही अधिक बाहेर पडत होती, आणि धमन्यांतील साका कमी झाला होता. मला ग्रोनिंगनच्या गटाचा हा पुरावा अधिक वजनदार वाटतो, कारण त्यात जनुकाच्या पातळीवरून अंदाज न बांधता कोलेस्टेरॉल खरोखर शरीराबाहेर गेले का, हे थेट मोजले आहे. ट्रेडमिलवर उंदीर थांबू नये म्हणून त्याला अनेकदा सौम्य विजेचा झटका दिला जातो. त्या ताणाचाही यकृतावर परिणाम होतो, हा फरक अशा दोन अभ्यासांची तुलना करताना विसरता येत नाही.

व्यायाम आणि अर्क एकत्र देणाऱ्या प्रयोगांत साधारणपणे चार गट असतात: काहीच नाही, फक्त व्यायाम, फक्त अर्क, आणि दोन्ही. प्रत्येक गटात बहुधा आठ-दहा प्राणी. शेवटच्या धावण्यानंतर एक-दोन दिवस थांबून यकृताचा तुकडा घेतात, म्हणजे तात्पुरत्या श्रमाचा परिणाम ओसरून सवयीचा परिणाम उरतो. मग संदेशवाहक आरएनए मोजतात. पण संदेश वाढला म्हणजे प्रथिन तितकेच वाढले असे नाही, आणि प्रथिन वाढले तरी पित्तात काय उतरले हे वेगळे मोजावे लागते. दोन्ही एकत्र दिल्याचा परिणाम दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त आहे असे म्हणायचे, तर इतक्या थोड्या प्राण्यांत ते सिद्ध करणे अवघड जाते.

गुग्गुळाबद्दल आणखी एक गोष्ट संवेदकांच्या अभ्यासांतून समोर आली आहे. गुग्गुलस्टेरॉन पीएक्सआर नावाच्या दुसऱ्या संवेदकालाही जागे करते, आणि हा संवेदक औषधांची विल्हेवाट लावणारी विकरे वाढवतो. गुग्गुळाच्या अर्काबरोबर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयविकार व रक्तदाबावरची औषधे निरोगी माणसांना दिली, तेव्हा ती रक्तात कमी प्रमाणात उतरली होती. त्यामुळे ही औषधे घेणाऱ्याने घरात गुग्गुळाच्या गोळ्याही चालू असतील, तर ते आपल्या डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही, सांगायला हवे.