आधी नारळ जुळतो, मग ओठ सुटतात

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात गेल्या हिवाळ्यात शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतींनिमित्त, झालेल्या झाडीपट्टी नाटकाचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकनाट्याचे, चित्रीकरण आम्ही दोन कॅमेरे आणि एक मोबाईल लावून केले. आवाजाची नोंद मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतली. रात्री साडेदहाला पूजा होऊन नारळ फुटला आणि शेवटचा पडदा पडला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. पुढचे काही आठवडे मी ते पाच तास प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ चित्रीकरणाच्या हलक्या प्रतींवर, कापले आणि जोडले. काम संपल्यावर प्रॉक्सी काढून त्यांच्या जागी मूळ क्लिप बसवल्या, नारळ फुटण्याची जागा तपासली, तिथे चित्र आणि आवाज अचूक जुळले, म्हणून निर्धास्तपणे एक्सपोर्ट लावून झोपलो. सकाळी पाहिले तर दुसऱ्या अंकात खलनायकाचे तोंड मिटून गेल्यावर तीन सेकंदांनी त्याचे हसणे गडगडत होते.

प्रॉक्सी वापरण्याची वेळ का येते, ते आधी पाहू. ४के चित्राच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. १२८० गुणिले ७२० आकाराच्या प्रॉक्सीत त्यांचा नववा भाग उरतो. त्याहून मोठी अडचण साठवणीच्या पद्धतीत आहे. मोबाईल आणि बहुतेक लहान कॅमेरे एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने चित्र साठवतात, ज्यात एखादीच फ्रेम पूर्ण लिहिलेली असते आणि तिच्या आसपासच्या फ्रेमांचे फक्त फरक नोंदलेले असतात. त्यामुळे मधली एखादी फ्रेम दाखवायची तर संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडत यावे लागते, आणि जुना लॅपटॉप तिथेच धापा टाकू लागतो. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर प्रकारच्या प्रॉक्सीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने ती लगेच उघडते.

आता मूळ मुद्दा असा की संकलन करताना आपण चित्राला हातच लावत नाही. आपण फक्त पत्त्यांची यादी तयार करत असतो. अमुक नावाची क्लिप, तिच्या अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत, टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, या ठिकाणी, एवढेच त्या यादीत असते. फिल्मच्या काळातही संकलक कामाच्या प्रतीवर कात्री चालवत असे आणि निगेटिव्ह कापणारा माणूस तिच्या कडेवर छापलेले आकडे वाचून मूळ निगेटिव्ह तशीच कापत असे. प्रॉक्सीवर लिहिलेला पत्ता मूळ फाईलवर त्याच क्षणाकडे नेत असेल, तरच अदलाबदल बिनबोभाट होते.

पत्ता चुकतो तो दोन तऱ्हांनी, आणि शेताची मोजणी पाहिलेल्या कोणालाही त्या ओळखीच्या वाटतील. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड दोन हात सरकलेला असेल, तर त्यापुढचे प्रत्येक माप दोन हातांनीच चुकते. दगड जागेवर असून साखळीच तोकडी असेल, तर पहिल्या साखळीला चूक जाणवतही नाही, पण शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ती शेजाऱ्याशी भांडण लावण्याइतकी वाढते. सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, सुटला की मी म्हणूनच सर्वप्रथम क्लिपची सुरुवात आणि शेवट, दोन्ही पाहतो. दोन्हीकडे अंतर सारखे असेल तर दगड सरकला आहे. सुरुवात जुळून शेवट सुटत असेल तर साखळी खोटी आहे. माझी चूक एवढीच, की मी नारळापाशी थांबलो.

दगड सरकण्याची कारणे साधी असतात. प्रॉक्सी करण्यापूर्वी कोणी क्लिपचे डोके छाटलेले असते, किंवा मूळ क्लिपचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा, प्रॉक्सीत न उतरता तिथे शून्यापासून मोजणी सुरू झालेली असते. एक कारण मात्र छुपे आहे. एएसी पद्धतीने आवाज आवळताना, म्हणजे फाईल लहान करताना, एन्कोडर हे आवळणारे सॉफ्टवेअर सुरुवातीला काही निःशब्द नमुने, म्हणजे आवाजाची सुटी मापे, घालते. त्यांची संख्या अनेकदा २११२ असते, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने ४४ मिलिसेकंद. एवढे वगळावे अशी सूचना फाईलमध्ये असते, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ती पाळत नाही. मग प्रॉक्सीतला आवाज एका फ्रेमभर मागे पडतो आणि चोखंदळ संकलक तो हाताने पुढे ओढून ओठांशी जुळवतो. मूळ फाईलमध्ये हा उशीर नसेल, तर अदलाबदलीनंतर तोच आवाज ४४ मिलिसेकंद आधी येतो.

आधी येणारा आवाज उशिरा येणाऱ्यापेक्षा जास्त खुपतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागते, उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. यात नवल नाही. पलीकडच्या धुऱ्यावर लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि ठोका मागून ऐकू येतो, हे आपल्या कानांना जन्मापासून ठाऊक आहे. मंडपात ३४ मीटर मागे बसलेल्या माणसाला प्रत्येक संवाद सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो आणि त्याची तक्रार नसते. ओठ हलण्याआधी शब्द येणे मात्र निसर्गात कुठेच घडत नाही. प्रॉक्सीतला आवाज न आवळता पीसीएम स्वरूपात ठेवला, आणि त्याच्या वाहिन्यांची (चॅनेलची) संख्या मूळ फाईलइतकीच राखली, की हा घोटाळा टळतो.

खोट्या साखळीचे एक उदाहरण इतिहासात आहे. १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरताना रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून सेकंदाला ३० फ्रेमांची गती हजाराला एक या प्रमाणात कमी केली गेली, आणि २९.९७ हा अवघड आकडा कायमचा मागे लागला. एक फाईल ३० ची आणि दुसरी २९.९७ ची मानली गेली, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

माझ्या खलनायकाचे दुखणे याहून वेगळे होते, कारण मोबाईलची साखळी नुसती तोकडी नसते, ती चालता चालता लांबी बदलते. पडद्यावर ३० हा आकडा दिसत असला, तरी रंगमंचावरचा प्रकाश मंद झाला की अनेक मोबाईल एका फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून फ्रेमा कमी घेतात. प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ नोंदलेली असल्याने मोबाईलवर पाहताना काहीच बिघडलेले दिसत नाही. त्या क्लिपची सरासरी गती सेकंदाला २९.७ निघाली. प्रॉक्सी करताना सॉफ्टवेअरने कमी पडलेल्या फ्रेमा दुबार टाकून ती बरोबर ३० केली होती, म्हणून प्रॉक्सीत पाचव्या मिनिटाला ९०००वी फ्रेम होती. अदलाबदलीनंतर मूळ फाईलमधली ९०००वी फ्रेम मागितली गेली, आणि ती चित्रित झाली होती ३०३व्या सेकंदाला. चित्र तीन सेकंद पुढे पळाले, वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज जागेवर राहिला.

उपाय करताना आवाज ओढून जुळवण्याच्या फंदात पडू नये, कारण अंधाऱ्या प्रवेशात चूक भराभर वाढते आणि उजेडात वाढायची थांबते, त्यामुळे एका ठिकाणचे जुळवणे दुसऱ्या ठिकाणी बिघडते. मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून फ्रेमगती बदलती आहे की स्थिर, ते पाहावे. बदलती असेल तर हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने मूळ फाईलची उत्तम दर्जाची, प्रॉक्सीइतक्याच स्थिर गतीची प्रत काढावी, प्रॉक्सी आणि या प्रतीतली फ्रेमांची एकूण संख्या ताडून पाहावी, आणि मग टाइमलाइन तिला जोडावी. मला सगळ्या क्लिपसाठी दोन रात्री लागल्या, त्यातली एक वीज गेल्यामुळे. आता मोबाईलच्या क्लिप मी आधी स्थिर करतो आणि प्रॉक्सी त्यांच्यापासूनच काढतो.

नावांचा गोंधळ निस्तरणे त्यामानाने सोपे. कार्ड फॉरमॅट केले की काही कॅमेरे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात, त्यामुळे एकाच नावाच्या दोन क्लिप तयार होतात. म्हणून प्रत्येक कार्डाचा फोल्डर वेगळा ठेवावा आणि नावे प्रॉक्सी करण्यापूर्वीच बदलावीत, नंतर कधीही नाही. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, आणि सेकंदाला ५० मेगाबिट या गतीने ती साडेअकरा मिनिटांत भरते, मग चित्रीकरण पुढच्या फाईलमध्ये चालू राहते. असे तुकडे सुटे न घेता कॅमेऱ्याच्या पूर्ण फोल्डरसकट घ्यावेत.

हे सगळे करूनही त्या नाटकात शेवटच्या अंकात तबल्याची थाप बोटांमागून येत होती. तो दोष अदलाबदलीचा नव्हता. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांतले घड्याळाचे स्फटिक एकमेकांशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी पाच तासांत ३६० मिलिसेकंद, म्हणजे २५च्या गतीने नऊ फ्रेमा होतात. दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा बंद असताना आवाज कापून पुन्हा जुळवला की काम भागते. पुढच्या नाटकापासून मात्र आम्ही नारळावर विसंबून राहिलो नाही. प्रत्येक अंकाआधी आमचा एक मुलगा पडद्यासमोर उभा राहून तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवतो, आणि पुढच्या रांगेतली पोरे हटकून त्याच्यामागोमाग टाळ्या पिटतात, त्यामुळे पहिली टाळी कोणती, ते मला दर वेळी शोधावे लागते.