कुलेतिहास व ग्रामेतिहासाची साधने (महाराष्ट्र व गोवा)

एखाद्या घराण्याच्या किंवा गावाच्या मागील पिढ्यांची माहिती ज्या ग्रंथांतून, दप्तरांतून आणि वह्यांतून मिळते ती कुलेतिहासाची साधने होत. महाराष्ट्रात ती विपुल आहेत, पण विखुरलेली आहेत. काही पुराभिलेखागारांत आहेत, बरीचशी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, तर काही तीर्थोपाध्यायांच्या घरी. यांतला बहुतेक कागद कुळाचा इतिहास सांगण्यासाठी लिहिलेलाच नाही. सारा वसूल व्हावा, वतनाचा तंटा मिटावा, मुलाचे नाव शाळेत दाखल व्हावे, अशा कामांसाठी तो झाला. म्हणून कागद हाती आला की तो कुणी आणि कशासाठी लिहिला, हे वाचण्याआधी पाहिले पाहिजे.

याला ठळक अपवाद कुलवृत्तांताचा. विसाव्या शतकात चित्पावन घराण्यांनी आणि पुढे कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत, कायस्थ प्रभू अशा इतरही समाजांतील घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, घराण्याच्या शाखा, पिढीवार वंशवेल आणि व्यक्तींची त्रोटक चरित्रे अशी त्यांची साधारण मांडणी असते. अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांसाठी हे ग्रंथ सहसा भरवशाचे ठरतात, कारण ती माहिती घरोघर पत्रे पाठवून गोळा केलेली असते. मूळ पुरुषाचे प्रकरण मात्र पुष्कळदा ऐकीव गोष्टींवर उभे असते. लेकी सासरच्या नावात विरून जातात आणि त्यांची मुले वंशवेलीवर येतच नाहीत. शिवाय जमीन कसणाऱ्या, बलुते करणाऱ्या आणि गावकुसाबाहेर राहिलेल्या बहुसंख्य कुटुंबांचा छापील कुलवृत्तांत नाही. त्यांच्या इतिहासासाठी दप्तरांकडेच वळावे लागते, आणि तिथे तो खरोखर सापडतो.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, बाप-आजा-पणजा, भाऊ, मुलगे यांची नावे असतात. पुष्कळदा आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर असतो. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी वही काढतात. आडनाव बदललेले असेल तर गावावरून शोध लागतो. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या सीमाभागात हेळवी हे काम करीत आले. बैलावर बसून ठराविक घरी जायचे, त्या कुळाची वंशावळ म्हणून दाखवायची, नव्याने जन्मलेल्यांची नावे तीत घालायची आणि धान्य घ्यायचे, अशी त्यांची वृत्ती. इतर काही समाजांत भाट हेच काम करतात. हेळव्याच्या तोंडची वंशावळ हा लेखी पुरावा नव्हे म्हणून ती बाजूला सारणे चुकीचे आहे. अनेक शेतकरी कुटुंबांसाठी सारा-नोंदींच्या पलीकडचा तोच एक धागा असतो.

इंग्रजपूर्व काळातील सर्वांत समृद्ध साधन म्हणजे वतनाच्या तंट्यांचे कागद. पाटीलकी, कुलकर्ण वा देशमुखीवर दोघांनी हक्क सांगितला की गोतसभा, म्हणजे गावकरी व वतनदारांची न्यायसभा, बसे, दोन्ही पक्ष आपापल्या कैफियतीत (लेखी म्हणण्यात) मूळ पुरुषापासूनची वंशावळ मांडत, आणि निवाड्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. महजराखाली हजर असलेल्यांची नावे येतात. अक्षर न येणारे आपल्या धंद्याची निशाणी करीत: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्या बलुतेदाराच्या घरी एकही जुना कागद नाही, त्याच्या पूर्वजाचे नाव अशा यादीत सापडू शकते. त्यामुळे आपल्या आडनावाचाच कागद शोधत न बसता गावच्या पाटलाच्या तंट्याचा कागद आधी पाहावा. अर्थात वादीने मांडलेली वंशावळ त्याच्या सोयीची असणार. प्रतिवादीची कैफियत शेजारी ठेवल्याखेरीज ती मान्य करू नये.

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हा अशा कागदांचा मोठा साठा आहे. रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद तिथे आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतील निवडक कागद 45 भागांत छापले. मूळ साठ्याच्या मानाने तो अगदी थोडा अंश. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून घरोघरची दप्तरे मिळवत, आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे 22 खंड तयार झाले. पुण्यात 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दप्तरे जपलेली आहेत.

हे कागद मोडीत आहेत. मोडी सरावाने जमते. कालगणना जास्त अडवते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटले असेल तर 79. मराठेशाहीच्या कागदांत मात्र सुहूर सन असतो, आणि तो अरबी संख्याशब्दांत, एककाकडून सहस्राकडे लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येते. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या आरंभी, सुरू होते. म्हणून जानेवारी 1761 मधले पानिपत याच सुहूर सनात पडते. हे ध्यानात न घेतल्यास घराण्याच्या वंशवेलीतले एक वर्ष चुकते आणि पुढे ती चूक छापील पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या चालते.

इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली. 1852 च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना सनदा व वंशावळी दाखवाव्या लागल्या. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि सामान्य शेतकरी कुटुंबासाठी ही नोंद सर्वांत मोलाची आहे. सातबाऱ्यावर नावापुढे फेरफार क्रमांक असतो. तो धरून मागे गेले की वारसाचा फेरफार मिळतो: खातेदार कधी वारला, वारस कोण, त्यांची वये, मयताशी नाते. एका फेरफारावरून त्याआधीच्या फेरफाराकडे असे जुन्या शेतवार नोंदींपर्यंत जाता येते. नावे ‘राणोजी वलद तुकोजी’ किंवा ‘बिन’ (अमक्याचा मुलगा), तर स्त्रियांची ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘जौजे’ (नवऱ्याच्या नावाने) अशी लिहिलेली असतात, आणि आडनाव पुष्कळदा नसतेच. मराठवाड्यातली निजामकाळची कागदपत्रे उर्दूत सापडतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी वारसांत मुली क्वचितच दिसतात. त्यामुळे बायकांचा माग सातबाऱ्यापेक्षा जन्म-मृत्यू नोंदींत चांगला लागतो.

त्या नोंदी गावकामगारांकडे होत्या: पश्चिम महाराष्ट्रात गाव नमुना 14, विदर्भात कोतवाल बुक. त्यांत जात, बापाचे नाव आणि मृत्यूचे कारणही लिहीत. शाळेचे जनरल रजिस्टर याला पूरक. पूर्वी गुरुजी जन्मतारीख अंदाजाने टाकत, म्हणूनच मागच्या पिढीतली कितीतरी माणसे 1 जूनला जन्मलेली आहेत. वर्ष तेवढे घ्यावे, दिवस सोडून द्यावा. जातीच्या दाखल्यासाठी ही दप्तरे आज सर्वाधिक चाळली जातात. वास्तव्याचा व जातीचा पुरावा अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो. भटक्या समाजांची जमीनही नव्हती आणि शाळाही. ज्यांना या कागदाची गरज सर्वाधिक, त्यांच्याकडेच तो नाही, हा या पद्धतीतला मोठा अन्याय आहे. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा अनेक तालुक्यांत कित्येक वर्षे न उघडलेले गठ्ठे बाहेर आले आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली.

कागदाबाहेरही नोंदी असतात. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ‘-नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्या काळच्या महार माणसांची नावे अशी दगडावर क्वचितच आढळतात.

गोव्यातली परंपरा वेगळी. तिथल्या अभिलेखागाराची स्थापना 1595 मधली. पहिला अभिलेखपाल दियोगु दु कोतु. चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न व मृत्यूच्या वह्या आणि गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या (गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेच्या), नोंदी ही तिथली मुख्य साधने. जोण (कोमुनिदादच्या उत्पन्नातला वाटा) घेणाऱ्या गावकारांच्या नोंदी असल्याने पुरुष वंश तिथे चांगला लागतो. मंगेशी किंवा शांतादुर्गा कुलदैवत असलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणात वा मुंबईत राहिलेल्या कुटुंबांनाही कधी ना कधी याच वह्यांकडे यावे लागते.

गावाच्या इतिहासाला जिल्हा गॅझेटियर आधाराला घ्यावेत. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा, पुण्याचा 1885 चा. त्यांत पिके, बाजार, घाटवाटा, मंदिरे बारकाईने येतात. जातींची वर्णने मात्र परक्या अधिकाऱ्यांच्या नजरेतली आहेत.

समुद्रापार गेलेल्यांची नोंदही आहे. एकोणिसाव्या शतकात करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, बापाचे नाव, जात, वय, जिल्हा, गाव आणि आगमनाचा क्रमांक त्यांत असतो. पुढच्या काळात छायाचित्रेही. तिथल्या मराठी कुटुंबांना कोकणातले आपले गाव शोधायला हा क्रमांकच उपयोगी पडतो. गावाची नावे इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिलेली असल्याने ती मोठ्याने वाचून, जुन्या तालुक्यांच्या गावयादीशी ताडून पाहावी लागतात.