संवादी संकल्पना नकाशा

संवादी संकल्पना नकाशा : विषयातल्या संकल्पना चौकटींत आणि त्यांच्यातले नाते बाणांवर लिहून केलेली, पडद्यावर उघडता-मिटता येणारी मांडणी. गणित-अभियांत्रिकीच्या स्वयंअध्ययनात चौकटीवर टिचकी मारली की व्याख्या, सूत्र आणि एखादे उदाहरण समोर येते. संकल्पना नकाशाची पद्धत १९७२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांच्या गटाने विकसित केली. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडले गेले तरच ते रुजते, हा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार तिच्या मुळाशी आहे.

नकाशाची सुरुवात विषयाच्या नावाने न करता प्रश्नाने करावी. जळगाव, रावेर भागातल्या विद्यार्थ्याला केळीच्या बागेतले ठिबक रोज दिसते. तेव्हा ‘मुख्य पाइपचा व्यास किती घ्यावा?’ हा प्रश्न वर लिहावा. खाली विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी), पाइपच्या छेदाचे क्षेत्रफळ, वेग, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा), घर्षण गुणांक (पाइपमधले घर्षण किती हे सांगणारा आकडा), दाबाची घट आणि पंपाचे हेड (पंप पाणी किती उंचीपर्यंत ढकलू शकतो) या चौकटी येतात. विसर्ग व घर्षण गुणांक तेच धरले, तर घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आतला व्यास ६० मिमीऐवजी ७५ मिमी केला की ती जवळपास एक तृतीयांशावर येते. पडद्यावरच्या सरकपट्टीने (स्लायडरने) व्यास बदलून हा आकडा हलताना पाहिला की पाचवा घात नीट उमगतो.

सगळ्यात जास्त घोळ बाणांत होतो. ‘हे आधी शिकावे’ आणि ‘हे त्यावर अवलंबून आहे’ हे दोन बाण वेगळ्या रंगांत हवेत. वरच्याच नकाशात व्यासावरून वेग, वेगावरून घर्षण, घर्षणावरून घट आणि घटीवरून पुन्हा व्यास असे चक्र तयार होते. ते चुकीचे नाही. व्यास आधी गृहीत धरायचा, घट काढायची, जास्त आली तर पुढचा मोठा पाइप घेऊन पुन्हा मोजायचे. शिकण्याच्या क्रमात मात्र चक्र आले तर विद्यार्थी तिथेच फिरत राहतो; अशा वेळी एक चौकट फोडून तिचे सोपे आणि अवघड असे दोन भाग करावेत.

बाणावर ‘संबंधित आहे’ एवढेच लिहिले तर तो बाण निरुपयोगी. ‘वाढवतो’, ‘च्या वर्गाच्या प्रमाणात बदलते’ असे नेमके लिहावे. एका नकाशात १५ ते २५ संकल्पना पुरतात. मोबाइलवर एका वेळी ७-८ चौकटीच उघड्या ठेवाव्यात. सातपुड्याच्या पाड्यांवर, जिथे नेटवर्क टिकत नाही तिथे, नकाशा फाइल म्हणून फोनमध्येच उतरवून द्यावा.

तयार नकाशा नुसता न्याहाळल्याने समजल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक चौकटीला एक गणित जोडावे आणि आठवड्याने तोच नकाशा कोऱ्या कागदावर आठवून काढावा. जो बाण आठवत नाही, तिथून उजळणी सुरू करावी.