गीझरच्या पोटातली मॅग्नेशियमची कांडी

गीझरच्या खालच्या झाकणातून तांबूस पाणी ठिबकायला लागलं की मेकॅनिक सांगतो, "टाकी गेली, आता नवीनच घ्या." निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. त्यापुढची वाक्यं मात्र अर्धवट असतात: पाणीच खराब, हल्लीचे पत्रे पातळ, पाच वर्षं चालला म्हणजे खूप झालं. टाकी सडायच्या बऱ्याच आधी तिच्यातली बोटभर जाडीची मॅग्नेशियमची एक कांडी संपलेली असते. ती वेळेवर बदलली असती, तर तीच टाकी आणखी काही वर्षं टिकली असती.

आधी पैशांचं बोलू. चांगल्या प्रतीचा 15 लिटरचा गीझर आज साधारण 6 ते 10 हजारांत येतो, 25 लिटरचा 8 ते 13 हजारांत. त्यावर नवे कनेक्शन पाइप, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बसवण्याची मजुरी धरून हजार-दीड हजार. आडवा काढून उभा बसवायचा असेल तर टाइल्सना नवी भोकं पाडावी लागतात, पाइपांची जागा हलते आणि प्लंबरचं बिल वेगळं होतं. याउलट कांडी 300 ते 600 रुपयांना मिळते. गॅस्केट (झाकणाखालची रबरी चकती) आणि मजुरी धरून काम हजार रुपयांच्या आसपास भागतं.

बहुतेक गीझरची टाकी साध्या पोलादाची असते आणि तिला आतून काचेचा, म्हणजे एनॅमलचा लेप असतो. तो 800 अंशांच्या आसपास भाजून पत्र्यावर बसवतात. जुन्या एनॅमलच्या थाळीचा टवका उडाला की तिथेच गंज धरतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. टाकीतही तेच होतं. वेल्डिंगच्या सांध्यावर, नळीच्या तोंडाशी लेपाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. रोज तापणं आणि गार होणं चालू असतं, त्यात काच आणि पोलाद सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे बारीक तडेही जातात. पूर्णपणे निर्दोष लेप कुठल्याच टाकीला नसतो, जाहिरातीत त्याला काहीही नाव दिलेलं असो.

या छिद्राशी पाणी उघड्या लोखंडाला भिडतं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतो आणि पाण्यात उतरतो. सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत जातात आणि दुसऱ्या ठिकाणी पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतात. हाच गंज. आता त्याच टाकीत तांब्याचं एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) बसवलेलं असेल आणि ते धातूनेच टाकीला जोडलेलं असेल, तर इलेक्ट्रॉन स्वीकारायला भलामोठा पृष्ठभाग तयार असतो. सगळ्या तांब्याची मागणी एका टाचणीएवढ्या छिद्रातल्या लोखंडाने पुरवायची. म्हणून टाकी सगळीकडून सारखी झिजत नाही, एकाच जागी आरपार जाते.

आता यात मॅग्नेशियम घाला. धातूंची इलेक्ट्रॉन सोडण्याची तयारी व्होल्टमध्ये मोजतात. प्रमाण इलेक्ट्रोड विभव तांब्याचं अधिक 0.34, लोखंडाचं उणे 0.44, जस्ताचं उणे 0.76 आणि मॅग्नेशियमचं उणे 2.37. आकडा जितका खाली, तितका धातू इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ. टाकीतले तांबं, लोखंड आणि मॅग्नेशियम हे तिन्ही धातू एकमेकांना जोडलेले आणि एकाच पाण्यात बुडालेले असले की सगळी मागणी मॅग्नेशियमवर येते. तेच विरघळत राहतं. लोखंडाकडे इलेक्ट्रॉनचा पुरवठा होत असल्यामुळे त्याला स्वतःचे सोडावे लागत नाहीत. कांडी छिद्र बुजवत नाही. छिद्र आहे तिथेच राहतं, फक्त तिथलं लोखंड विरघळायचं थांबतं.

ही कल्पना 200 वर्षं जुनी आहे. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत, तेव्हा 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तांब्याची झीज थांबली. पण तांबं विरघळेना, त्यामुळे त्याचा विषारी परिणामही थांबला आणि तळाला शिंपले-शेवाळ चिकटू लागलं.

कांडी किती दिवस पुरेल याचा हिशेब फॅरेडेच्या नियमाने मांडता येतो. 24.3 ग्रॅम मॅग्नेशियम विरघळलं की साधारण 1,93,000 कूलोम विद्युतभार मिळतो, म्हणजे एका ग्रॅमला 2.2 अँपिअर-तास. यातला निम्माच उपयोगी पडतो, कारण मॅग्नेशियम पाण्याशी थेट अभिक्रिया करून हायड्रोजनचे बुडबुडेही सोडत बसतं. समजा कांडी 100 ग्रॅमची आहे, तर हाती 110 अँपिअर-तास लागतात. टाकीत 5 मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल तर 22,000 तास, म्हणजे अडीच वर्षं. प्रवाह 10 मिलिअँपिअर झाला की सव्वा वर्ष. लेपाला जितके तडे जास्त आणि पाण्यात क्षार जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. मुंबईत भातसा-वैतरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं. पुण्याच्या वेशीवरच्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं येतं, ते बेसॉल्टच्या भेगांमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन आलेलं असतं. म्हणून एकाच कंपनीचा, एकाच दिवशी घेतलेला गीझर दोन घरांत सारखा टिकत नाही.

संपलेली कांडी हातात घेतली की आत पेन्सिलीच्या शिशासारखी लोखंडी तार उघडी पडलेली दिसते. तिच्यावर कुठे कुठे पांढरट, खडबडीत, बोटाने चुरगळणारे गोळे लटकलेले असतात. निम्म्याहून जास्त जाडी गेली असेल तर बदलायची, तार दिसेपर्यंत थांबायचं नाही.

बदलताना आधी एमसीबी बंद करून प्लग काढायचा आणि आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करायचा. नुसता गरम पाण्याचा नळ उघडून टाकी रिकामी होत नाही. भिंतीवरच्या उभ्या गीझरमध्ये बाहेर जाणारी नळी आत वरपर्यंत गेलेली असते. खालची दोन्ही कनेक्शन सोडायची, मग वरपर्यंत गेलेल्या त्या नळीतून हवा आत शिरते आणि येणाऱ्या बाजूने पाणी उतरतं. खालचं झाकण काढून थर्मोस्टॅट बाहेर घ्यायचा आणि फ्लँजचे, म्हणजे टाकीचं तोंड बंद करणाऱ्या प्लेटचे, नट सोडायचे. बऱ्याच मॉडेलमध्ये एलिमेंट आणि कांडी याच प्लेटवर असतात. तळातला गाळ काढायचा, एलिमेंटवरचे क्षार सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सोडवायचे. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका, ते छिद्रातलं लोखंड खातं. गॅस्केट नवीनच घ्या.

इथे एक चूक सर्रास होते. कांडीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देतात. धातूचा धातूला स्पर्श तुटला की इलेक्ट्रॉनांची वाट बंद होते आणि कांडी आत नुसती लोंबत राहते. मल्टिमीटरने कांडी आणि प्लेट यांच्यातला रोध बघा, जवळजवळ शून्य ओहम यायला हवा. त्याच मीटरने एलिमेंटही तपासून होतं: 2,000 वॉटचं असेल तर टोकांमध्ये 26 ओहमच्या आसपास, आणि टोक ते बाहेरचं कवच यांच्यात काहीच वाहायला नको. टाकी भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत बटण दाबायचं नाही. कोरडं एलिमेंट लगेच जळतं.

प्रत्येक ठिबक म्हणजे टाकी फुटली असंही नाही. 25 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर गेलं की ते साधारण 350 मिलिलिटर, म्हणजे दोन फुलपात्रं, प्रसरण पावतं. आत येण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) असेल तर ते जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. तापवतानाच ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. त्याचं तोंड बुच मारून बंद करणं धोक्याचं आहे. फ्लँजच्या कडेने गळत असेल तर गॅस्केट. पत्र्याच्या आवरणातून तांबूस पाणी येत असेल आणि आतला फोम भिजला असेल, तरच टाकी गेली. अशा टाकीला वेल्डिंग करून देणारे भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचा काचेचा लेपच उडतो.

पाइपला लोहचुंबक बांधून पाणी मऊ करण्याचे दावे जोरात चालतात. चुंबकाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी घेऊन कठीणपणा मोजा, आकडा तोच येतो, कारण कॅल्शियम पाण्यातच असतं. क्षारांनी वीज जास्त जळते, ही समजूतही विजेच्या गीझरला लागू होत नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असल्याने त्याची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान एलिमेंटचं होतं. त्याचा पृष्ठभाग 150 चौरस सेंटिमीटर धरला, तर एक मिलिमीटर क्षाराच्या थरामुळे कवचाचं तापमान शंभरेक अंशांनी वर चढतं आणि कवच फाटतं. मग आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागतो.

नवा गीझर घेतलाच, तर वॉरंटीत तो बाहेरच्या माणसाकडून उघडून घेऊ नका. कंपनीच्या माणसालाच दीडेक वर्षाने फ्लँज उघडायला सांगा, नुसता थर्मोस्टॅट फिरवून त्याला जाऊ देऊ नका. उरलेल्या कांडीची जाडी मोजा आणि तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. तुमच्या घरच्या पाण्यात कांडी किती महिने पुरते, हे त्या एका मोजमापावरून कळतं.